सोनटक्क्यापुरता श्वास

शर्वरीचे यजमान श्रीरंग वारले तेव्हा घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि गॅलरीतला सोनटक्का कधी नव्हे इतका फुलला. माणसांच्या श्वासातली वाफ भिंती टिपून घेत आणि तेच पाणी कुंड्यांना मिळे. पाणीटंचाईमुळे झाडांसाठी नळ सोडणं कधीच बंद झालं होतं. तेरावं झालं, पाहुणे पांगले आणि सोनटक्क्याने मान टाकली.

"वहिनी, एकटीच्या श्वासावर नाही जगायचा हा," बॅग भरता भरता नणंद मुग्धा म्हणाली. "बोलत्या माणसाची वाफ जास्त. आणि तुम्ही तर दादा गेल्यापासून तोंडच उघडलं नाहीत."

शर्वरीने कुंडीकडे पाहिलं. रोप श्रीरंगनीच लावलं होतं. ते वाळणार हे तिला कळत होतं, पण आत काहीच हलत नव्हतं.

"भांडा तरी दादाशी! अर्धा चहा टाकून असं कोणी जातं का, विचारा!" म्हणता म्हणता मुग्धालाच रडू फुटलं. डोळे पुसून ती निघाली.

दार लागलं. शर्वरी पाट ओढून कुंडीपाशी बसली आणि तिने पानांजवळ तोंड नेलं.

"आज दुधी केलाय," ती म्हणाली. "दोघांपुरता झाला."