मास्तरांच्या वहीतल्या रेघा

“शेवटची ओळ वाचा. मोठ्याने,” मास्तर म्हणाले.

सिस्टरने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “‘आज घेतला नाहीत तर उद्या रडाल.’ एवढंच आहे.”

“‘हे लिहायचे मी कंपनीकडून पैसे घेतले’, असं त्याने कुठे लिहिलंय?”

“नाही लिहिलेलं.”

“तिथंच तुमचा गळा कापला!” मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. चष्म्याचं घर खाली पडलं.

शेअरबाजाराच्या त्या ऑनलाइन फोरमवर ‘मास्तर’ हे नाव सगळ्यांना माहीत होतं. ते खरोखरच निवृत्त शिक्षक होते. छुपे पैसे घेऊन चिल्लर भावाचे शेअर लोकांच्या गळ्यात मारणाऱ्यांवर ते रोज तुटून पडत. ‘गरुड’ नावाने लिहिणाऱ्या एकावर त्यांचा विशेष दात होता.

त्या गरुडाच्या शब्दावर सिस्टरने एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. भाव तीन आठवडे चढला आणि चौथ्या आठवड्यात दोन दिवसांत झोपला. बावीस वर्षं वॉर्डात उभं राहून तिने घरासाठी जे साठवलं होतं, त्यातलं निम्मं गेलं. निम्मं बँकेत उरलं होतं. घरमालकाने खोल्या रिकाम्या करायला वर्षअखेरची मुदत दिली होती.

“माझ्या आईचेही पैसे यात आहेत, असं लिहिलं होतं हो त्याने,” सिस्टर म्हणाली. “पेशंटच्या माणसांशी मी असं खोटं बोलले असते, तर त्याच दिवशी मला घरी बसवलं असतं. याला कोणी विचारणारा नाही?”

“आहे ना. मी आहे!” मास्तर उठून उभे राहिले. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी अवलाद! एकेकाला भर चौकात उभं करून विचारलं पाहिजे, किती घेतलेस?”

मास्तरांची पत्नी कॉफी घेऊन आली. “हळू बोला. खालच्या मजल्यापर्यंत जातंय.” मग सिस्टरकडे वळून म्हणाली, “यांचा राग आणि गॅसवरचं दूध सारखंच. नजर हटली की उतू.”

सिस्टरला कित्येक दिवसांनी हसू आलं. तिने पर्स उघडली. “सर, तक्रारअर्ज लिहून दिलात. तुमची फी?”

“लुटलेल्या माणसाकडून फी घेऊ? आत ठेवा ते. ताई, तुमच्याकडून एक पैसा घेतला तर हात झडतील माझे.”

ते कॉम्प्युटरकडे वळले आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. ‘गरुडा, तू लुबाडलेली एक नर्स आज माझ्यासमोर बसली आहे. हिंमत असेल तर आकडा सांग.’ मजकूर गेला. शेजारच्या वहीत त्यांनी लाल शाईने एक रेघ ओढली. चार उभ्या, पाचवी आडवी, अशा रेघांनी पान भरत आलं होतं.

“या कसल्या?” सिस्टरने विचारलं.

“एका मजकुराला एक रेघ,” पत्नी म्हणाली. “जन्मभर हजेरी घेतली, आता सवय सुटत नाही.”

मास्तर रक्तदाबाची गोळी घ्यायला आत गेले. पत्नीही कप उचलून गेली. सिस्टर एकटीच पडद्याकडे बघत बसली. दोन मिनिटांत गरुडाचं उत्तर आलं. ‘मास्तर, त्या नर्सला सांगा, बाजार म्हणजे धर्मशाळा नव्हे. आणि त्या शीतगृहवाल्या भंगार कंपनीपासून सगळे लांब राहा. महिन्याभरात बुडणार ती.’

सिस्टरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “सर! बघा, काय लिहितोय मेला!”

मोबाइल खिशात सरकवत मास्तर बाहेर आले. त्यांनी उत्तर वाचलं. “चोराच्या मनात चांदणं. जरा दम निघाला नाही त्याला.” खुर्चीत बसता बसता त्यांनी वहीत निळ्या शाईने रेघ ओढली. मग चार ओळींची खरमरीत हजामत टाइप केली आणि आणखी एक रेघ ओढली, लाल.

“ते शीतगृहाचं काय म्हणतो हा?”

“पंधरा दिवस झाले, या टोळीने त्या कंपनीची बदनामी चालवली आहे. घाबरून लोक विकणार, भाव पडणार आणि हे पडेल भावात गोळा करणार. धडधडीत दरोडा!”

“म्हणजे कंपनी चांगली आहे?”

मास्तरांनी दोन्ही हात जोडले. “ते मला विचारू नका. घ्या, असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. तुमचे पैसे, तुमची अक्कल.”

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. या बाजारात शिरल्यापासून ‘घ्या’ न म्हणणारा हा पहिलाच माणूस तिला भेटला होता. जाताना ती वाकून त्यांच्या पाया पडली.

बस थांब्यावर तिने गरुडाचा मजकूर पुन्हा वाचला. धर्मशाळा! चोर ज्याला शिव्या देतो तो सावच असणार. एक बस आली, गेली. दुसरी येईपर्यंत बँकेतले उरलेले सगळे पैसे शीतगृहाच्या शेअरमध्ये गेले होते. चढता चढता तिने फोरमवर लिहिलं, ‘गरुडा, घेतले बघ. आता तू रड.’

पाच वाजता मास्तरांनी ते वाचलं. चष्मा पुसला, पहिल्या पानापासून लाल आणि निळ्या रेघा वेगवेगळ्या मोजल्या आणि पत्र टाइप करायला घेतलं.

‘शीतगृह कंपनीचे प्रसिद्धिप्रमुख यांस. या महिन्याचे बिल. गरुड या नावाने निंदा: एकसष्ट मजकूर. मास्तर या नावाने संताप: एकशे चौदा मजकूर. संतापाचा दर ठरल्याप्रमाणे दुप्पट. कळावे.’