सापसुरळीचा दोरा

बाहत्तर साली पाथर्डीच्या दगडी बांधावर प्राध्यापक कुलथ्यांनी एक गाभण सापसुरळी पकडली आणि ओळखीसाठी तिच्या मागच्या पायाला निळा दोरा बांधला. सापसुरळी अंडी घालते की पिल्लं देते, यावरचा तीन वर्षं रखडलेला त्यांचा प्रबंध आता तिच्या बाळंतपणावर अडला होता.

सोमवारी भरदुपारी प्रयोगशाळेतल्या कुलूपबंद पेटीत तिला सहा पिल्लं झाली. सहाही पिल्लांच्या पायाला निळा दोरा होता.

"सर, येवढ्याशा पायाला गाठ मारायला तुमाला येळ कवा घावला?" शिपाई सहादूनं विचारलं.

"मी नाही बांधले."

"मंग आईनं बांधलं आसत्याल."

प्रबंधाचे मार्गदर्शक तर कुलथ्यांच्या स्वल्पविरामांवरही शंका घेत; हे दोरे ते खोटेच ठरवणार. वैतागून कुलथ्यांनी कात्री घेतली आणि एका पिल्लाचा दोरा कापला.

दोऱ्यातून रक्त आलं.