मुंग्यांचा बंदोबस्त

“ती बादलीही उपडी करा,” ती म्हणाली.

आरोग्य निरीक्षक वाकला. मोरीतली बादली त्याने उपडी केली. थेंबही पडला नाही.

“मॅडम, या घराची तपासणी एकदा झालीय,” तो तिसऱ्यांदा म्हणाला.

“माझ्यासमोर नाही झाली.”

आईला जाऊन अठरा दिवस झाले होते. चार दिवसांचा ताप, रक्ताच्या रिपोर्टवर डेंग्यू, आणि संपलं. ती पोचेपर्यंत आई नव्हती. वाटेत बसमधूनच तिने वहिनीला फोन केला होता. “तुमच्या हलगर्जीपणाने गेली आई,” एवढंच बोलून ठेवला होता. वहिनी त्यावर तेव्हाही काही बोलली नाही, नंतरही नाही. ते गप्प राहणं तिला कबुलीसारखं वाटलं. मग तिने नगरपालिकेत लेखी तक्रार दिली. दादाने अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि तो बर्फाच्या कारखान्यात पाळीवर निघून गेला.

निरीक्षक घरभर फिरला. पिंपाच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं होतं. फ्रिजमागचा ट्रे कोरडा. कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाळू. खिडक्यांना जाळी होती आणि ती जिथे फाटली होती तिथे बारीक टाक्यांनी शिवलेली होती. टाके वहिनीचे. किनाऱ्यावरच्या लॉजांसाठी ती मच्छरदाण्या शिवायची. पुढच्या खोलीत मशीनशेजारी पांढऱ्या जाळीचा ढीग होता. त्यावर आदल्या रात्री दिव्याला धडकलेल्या पाखरांचे पंख पडले होते.

“दिव्याखाली अंधार,” ती ढिगाकडे बघत म्हणाली. “साऱ्या गावाला मच्छरदाण्या, आणि घरातली म्हातारी डासांनी गेली.”

“आईंनाही होती ना, ताई,” वहिनी हळूच म्हणाली. “मुद्दाम मोठी शिवली होती. चांगली जमिनीपर्यंत.”

“मग डास काय कडी वाजवून आत आले?”

निरीक्षकाने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. “समुद्रकाठचं गाव, मॅडम. इथे डास घरमालक, आपण भाडेकरू.”

कोणी हसलं नाही.

“मनात आणलं तर सगळं होतं,” ती म्हणाली. बोलणं निरीक्षकाशी होतं, नजर वहिनीवर. “चार महिन्यांपूर्वी मी आले तेव्हा आईच्या अंथरुणात लाल मुंग्या होत्या. गोड औषध सांडायचं ना. कानाची पाळी चावून चावून सुजवली होती. यांना ते कित्येक दिवस जमलं नव्हतं. मी एका दुपारीत बंदोबस्त केला. विचारा, त्यानंतर एक तरी मुंगी दिसली का?”

“नाही दिसली,” वहिनी म्हणाली. “आई सारखं तुमचं नाव काढायच्या. लेकीने मला झोप दिली, म्हणायच्या.”

मग मागच्या खोलीचं दार तिने स्वतःच ढकललं.

आईचा लोखंडी पलंग भिंतीला लावून ठेवला होता. गादी नव्हती, मच्छरदाणी नव्हती. पलंग पूर्वी होता तिथे फरशीवर चार गोल डाग होते. निरीक्षकाने सगळीकडे टॉर्च फिरवला. कोपऱ्यातून एक झुरळ पळालं. पाणी कुठेच नव्हतं.

“काही नाही,” तो म्हणाला. “घर स्वच्छ आहे. जे होतं ते पहिल्या खेपेलाच सापडलं.”

“काय सापडलं?”

“साहेब, तेवढं राहू द्या.” इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वहिनीचा आवाज चढला. “ताई, पाया पडते तुमच्या. चला, चहा ठेवते.”

“वाचा,” ती म्हणाली.

निरीक्षकाने फाईल उघडली आणि सरकारी आवाजात वाचलं. “रुग्णाच्या पलंगाच्या चार पायांखाली पाण्याने भरलेल्या चार निळ्या वाट्या. चारींत डासांच्या अळ्या. रुग्णासह पलंग उचलणे शक्य नसल्याने पाणी बदललेले नाही, वरून भर घातलेली आहे. मच्छरदाणी जमिनीपर्यंत असल्याने वाट्या जाळीच्या आत.” त्याने मान वर केली. “या डासांच्या अंड्यांतूनही डेंग्यू उतरतो. बाहेरून एकही डास यायची गरज नव्हती, मॅडम. आतच झाले.”

निळ्या वाट्या. दुकानात हिरव्याही होत्या. आईला निळा आवडतो म्हणून तिने निळ्या घेतल्या होत्या. तेव्हा आई अजून खुर्चीत बसायची. दादाने पलंग एकेका बाजूने उचलला होता, तिने वाट्या सरकवल्या होत्या आणि तांब्याने पाणी ओतलं होतं. पाण्यातून मुंगी पलीकडे जात नाही. त्यानंतर दर रविवारी फोनवर तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे, “वाट्या कोरड्या पडू देऊ नका हं, वहिनी.” आणि वहिनीचंही ठरलेलं, “नाही पडू देत.”

तिने हात पुढे केला. निरीक्षकाने फाईल तिच्याकडे दिली.

खाली एक रकाना होता: वाट्या कोणी ठेवल्या. त्यापुढे ‘सून’ असं लिहिलं होतं. शेजारी वहिनीची सही होती, शाळेतल्या मुलीसारखी, एकेक अक्षर सुटं. तारीख आई गेली त्या दिवसाची. वेळ दुपारी साडेचार.

बसमधून तिने तो फोन केला होता त्याच दुपारी, तीन वाजता.