काचेवरचं नाणं

आईनं पर्समधून एक नाणं काढलं आणि मशीनच्या काचेच्या कडेवर ठेवलं.

"अगं, इथं नाणी नाही चालत. कार्ड लागतं," लेक म्हणाली.

"माहितीये. हे नंबर लावायला."

गेम झोनच्या कोपऱ्यात, अगदी स्वच्छतागृहाला खेटून, ते एकच जुनं मशीन होतं. एक दांडा, सहा बटणं, मारामारीचा खेळ. आईच्याच वयाचा एक टक्कल पडलेला गृहस्थ घाम पुसत खेळत होता. आई रोज शहरबस चालवायची, आज सुट्टी होती. तरी उभ्या उभ्या तिचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. आणलं होतं लेकीला खेळवायला, पण हे मशीन दिसलं आणि तिचाच जीव खालीवर व्हायला लागला.

लहानपणी गल्लीच्या टोकाला असंच मशीन होतं. काचेवर नाण्यांची रांग लागायची. ज्याचं नाणं पुढे, त्याचा नंबर. तिचं नाणं दादाचे मित्र हसत हसत मागे सरकवायचे. अंधार पडला की दादा म्हणायचा, "चल घरी." तीन वर्षं नुसतं बघून तिला सगळे डाव पाठ झाले होते. खेळायला एकदाही मिळालं नव्हतं.

गृहस्थाचा डाव संपला. त्यानं पुन्हा कार्ड काढलं आणि मनगटानं नाणं बाजूला सारलं.

"ताई, छोट्यांचे गेम तिकडे आहेत."

"मला खेळायचंय."

"हो हो, हा एक शेवटचा."

तिनं नाणं पुन्हा जागेवर ठेवलं आणि त्यावर बोट दाबून धरलं. "नाण्याचा नियम माहीत नाही असं सांगू नका. टकलावरून वय कळतंय."

त्यानं टकलावरून हात फिरवला, ओशाळून हसला आणि बाजूला झाला.

ती दांडा धरणार इतक्यात लेक मध्ये घुसली. "आई, आधी मी! प्लीज ना!"

आईचा हात सवयीनं मागे आला. खिडकीची जागा, केकचा मोठा तुकडा, सगळं तिनं लेकीसाठी असंच सोडलं होतं.

"नाही," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "नंबर माझाय."

लेक आता भोकाड पसरणार असं वाटलं, पण तिनं खिसे चाचपले. काहीच सापडलं नाही. मग तिनं केसांतली क्लिप काढली, टाचा उंचावून काचेवर नाण्याच्या मागे ठेवली आणि त्या गृहस्थाकडे वळली.

"काका, तुमचा नंबर माझ्यानंतर."