हिरवा ठिपका

पाहिलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीच्या डबीवर हिरव्या शाईचा ठिपका द्यायचा, हा दंतवैद्यांच्या घरातला कायदा. कपाटात नऊशे सिनेमे. दर रविवारी दुपारी न पाहिलेला एखादा निवडता निवडता नवरा-बायकोची अशी जुंपायची, की सिनेमा राहूनच जायचा.

आज मात्र एकूण एक डबीवर ठिपका होता.

"माझ्याशिवाय पाहिलेस सगळे? गुपचूप?" डॉक्टर कडाडले.

"मला दुसरे उद्योग नाहीत होय?" बायको फणकारली.

डॉक्टरांनी कालच आणलेली, वरचं प्लास्टिकही न फाडलेली डबी ऐटीत पुढे केली. ठिपका प्लास्टिकच्या आत होता. अजून ओला.

"कोणीतरी या घरातलं सगळं पाहून संपवलंय," पुटपुटत ते पुन्हा कपाटाकडे वळले.

"अहो," बायको मागून हळूच म्हणाली, "तुमच्या मानेवरपण आहे."