घसरगुंडीखालची अंडी

एका दिवसात अख्खं घर छापणारं यंत्र उद्या येणार होतं. तोवर हेमांगी-निरंजनचा रिकामा प्लॉट नियमाप्रमाणे मुलांचा आणि पाखरांचा होता. भाड्याची खोली सोडून दोघं सामानासकट तिथे आले, तर घसरगुंडीखाली टिटवीची अंडी! खांबावरच्या कॅमेऱ्याला ती दिसली किंवा कुणी त्याला सांगितलं, की पिल्लं उडेपर्यंत बांधकाम बंद.

"उचल पटकन," निरंजन कुजबुजला. "अजून नोंद झालेली नाही."

टिटवी डोक्यावर किंचाळत होती. हेमांगीने एक अंडं उचललं. आतून बारीक टकटक जाणवली. तिने ते हळूच परत ठेवलं आणि खांबाकडे बघून ओरडली, "इथे अंडी आहेत!"

"आता झोपायचं कुठे?" निरंजनने विचारलं.

हेमांगी सामान घसरगुंडीपासून लांब ओढू लागली. टिटवी मात्र अजूनही त्यांच्याच अंगावर झेपावत होती.