बंदूक जमा

घर बघायला एजंट चार वाजता येणार होता, आणि सिरीलने बापाला अजून काही सांगितलंच नव्हतं. क्युबेकमधल्या लव्हालचं घर विकून कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टाला जायचं, हे त्याने मनाशी कधीच ठरवलं होतं. पॉलिनला सांगितलं परवा. तो म्हणत होता, ‘विचारलं’. पण नवऱ्यांचं विचारणं कसं असतं ते बायकांना ठाऊक असतं.

इनासपपा, म्हणजे पॉलिनचे सासरे, टेबलाशी बसून चहात पाव बुडवत होते. वसईहून येऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. वय ऐंशीच्या घरात, पण चौकस इतके, की कचऱ्याच्या कुठल्या डब्यात काय जातं तेसुद्धा त्यांनी शेजाऱ्याला खाणाखुणा करून विचारून घेतलं होतं.

चार वाजायला थोडा वेळ उरला तेव्हा सिरीलने त्यांना एकदाचं सांगून टाकलं.

“का जायचं?” त्यांनी विचारलं.

“टॅक्स, पपा. क्युबेकमध्ये पगार हातात येईपर्यंत त्याचा चोथा होतो. तिकडे दुकानात प्रोव्हिन्सचा टॅक्सच नाही. आणि दुसरं म्हणजे माझी गन.”

गन बेसमेंटमध्ये होती, लोखंडी कपाटात कुलूपबंद. सिरील हिवाळ्याच्या तोंडावर बदकं मारायला जायचा. बदकं बहुतेक जिवंत राहायची. पॉलिन कपडे धुवायला खाली उतरली की आधी त्या कुलपाकडे बघायची, मग मशीनकडे.

“लायसन आहे माझ्याकडे, ओटावाचं, केंद्र सरकारचं. ते सगळीकडे लागतं, ओके. पण इथे त्याच्यावर प्रोव्हिन्सचं वेगळं रजिस्ट्रेशन! माझ्या घरात माझी गन, आणि ती कुठे आहे ते ह्यांना कळवत बसायचं?”

“तिकडे नाही कळवायला लागत?”

“नाही.”

“दुरून डोंगर साजरे,” पॉलिन म्हणाली.

“तिथे डोंगर आहेत?” पपांनी उत्सुकतेने विचारलं.

पॉलिनला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. तिला जायचं नव्हतं. ती वृद्धाश्रमात कामाला होती. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलता यावं म्हणून ती रात्रीच्या वर्गात बसून, चुकत माकत फ्रेंच शिकली होती. आता त्या म्हाताऱ्या तिला ‘मा बेल’, माझी सुंदरी, म्हणून हाक मारायच्या. अल्बर्टात ते फ्रेंच कुणाला ऐकवायचं? हे तिने परवा बोलून दाखवलं, तेव्हा सिरीलने दार असं आपटलं की भिंतीवरचा क्रूस तिरका झाला. तो तिने सरळ केला आणि विषय तिथेच राहिला.

“पपा, तुम्हीच सांगा हिला,” सिरील म्हणाला. “इलेक्शन आलं की तुम्हाला बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायला लागायची. लायसन असून! तुम्ही सायकलच्या दांडीला बांधून न्यायचात आणि त्या हवालदाराच्या समोर बाकावर बसून राहायचात. मी होतो ना बरोबर. तेव्हाच ठरवलेलं, आपण असं कुणासमोर बसायचं नाही.”

पॉलिनला हे नवीन होतं. आपला नवरा लहानपणी त्या बाकाशी उभा होता, हे इतक्या वर्षांत तिला माहीत नव्हतं. ती हातातलं फडकं ठेवून खुर्चीवर बसली.

“सगळ्यांनाच द्यायला लागायची, पपा?”

“बहुतेकांना. निकाल लागला की परत मिळायची. कधी ग्रामपंचायत, कधी विधानसभा, काही ना काही चालूच असायचं.”

“पण बंदूक होती कशाला?”

“केळी राखायला. डुकरं यायची, चोर यायचे.”

“मग बंदूक जमा असली की केळी कोण राखायचं?”

“मी आणि कुत्रा.”

“चोऱ्या वाढायच्या?”

पपांनी पावाचा तुकडा चहातून काढला आणि प्रामाणिकपणे विचार केला. “नाही. एरवी जेवढी जायची तेवढीच जायची.”

“मुद्दा तो नाही!” सिरीलने टेबलावर हात आपटला. कपातला चहा बशीत सांडला. “मुद्दा हा, की त्यांनी तुम्हाला चोरासारखं वागवलं.”

“हो रे. मला राग यायचा,” पपा म्हणाले. “पहिल्या वेळेला तर मी जाणारच नव्हतो. तुझ्या आयने पाठवलं. नंतर नंतर तर निवडणूक नुसती कानावर आली, की ती गोणपाट आणि दोरी काढून ओट्यावर ठेवायची. एकदा निवडणूक पुढे ढकलली, तरी म्हणाली, आता बांधलीय तर देऊनच या.”

“आय म्हणाली?” सिरीलने विचारलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

“मीही विचारलं तिला, तुला एवढी घाई कसली? तर म्हणाली, ‘तुमचा राग काही पोलीस जमा करून घेत नाहीत. जे घेतात ते तरी देऊन या.’” पपा हसले. “तेवढे दिवस तिला अशी गाढ झोप लागायची! घोरायचीसुद्धा.”

सिरील हसला नाही. टेबलावरचा आपला हात त्याने हळूच उचलून मांडीवर ठेवला. पपांनी बशीतला सांडलेला चहा पिऊन टाकला.

दाराची बेल वाजली. एजंट वेळेवर आला होता. सिरील उठला, पण दाराकडे गेला नाही.

पॉलिन सिंकपाशी वाकली. खालच्या कपाटातून तिने बासमती तांदळाचं रिकामं पोतं ओढून काढलं, दोनदा झटकलं आणि ओट्यावर ठेवलं.

“सिरील,” तिने विचारलं, “इथलं इलेक्शन कधी आहे?”